विंडोज बदलल्यावर वायफायचा लपंडाव: फॉरमॅट करण्याआधी काय तपासावे

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळच्या गावी आपला घरगुती काजूप्रक्रियेचा व्यवसाय आहे. ऑर्डरी, बिले आणि जीएसटीची विवरणे ज्या लॅपटॉपवर होतात तो २०१९ मध्ये घेतलेला असून, महिन्यापूर्वी त्यावर विंडोज १० च्या जागी विंडोज ११ आले आणि तेव्हापासून तीन तक्रारी सुरू झाल्या. सकाळी लॅपटॉप सुरू केल्यावर काही वेळा वायफायचे चिन्हच नसते. पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला तरी येत नाही, रीस्टार्ट केला की मात्र येते. माजघरात बसल्यावर वायफाय जोडलेले दिसते पण पाने उघडत नाहीत आणि ओटीवर आल्यावर उघडतात. शिवाय अर्धा तास लॅपटॉपला हात लावला नाही तर जोडणी तुटते. मोबाइल घरभर व्यवस्थित चालतो. तालुक्याच्या ठिकाणच्या दुकानदाराने फॉरमॅट मारून देतो असे सांगितले आहे, आणि ते करावे का, असे आपण विचारले आहे.

इतक्यात करू नये. फॉरमॅट केल्यावर त्याच लॅपटॉपवर तेच विंडोज ११ बसणार, ते स्वतःबरोबर तोच ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम) आणणार, आणि आठ दिवसांनी आपण पुन्हा याच तीन तक्रारी घेऊन बसणार. मधल्या काळात हिशेबाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि साठवलेले पासवर्ड नव्याने लावण्याचा व्याप होईल तो वेगळाच. आपण वर्णन नेमके केले आहे, आणि त्यावरून मला असे दिसते की ही एका बिघाडाची तीन रूपे नसून तीन वेगळे बिघाड एकाच दिवशी दारात आले आहेत. त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. म्हणून एका वेळी एकच बदल करावा, तो वहीत तारखेसह लिहावा आणि किमान एक दिवस लॅपटॉप वापरून पाहावा. पाच उपाय एकदम केले आणि वायफाय चालू झाले, तर कशाने चालू झाले ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आधी एक शंका दूर करावी लागेल. विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या सुमारास आणि त्यानंतर विंडोज बदलून घेणाऱ्यांची माझ्याकडे कुडाळला रीघ लागली होती, आणि पाठोपाठ ‘विंडोज बदलल्यापासून असे होते’ म्हणणाऱ्यांचीही. त्यांतल्या बऱ्याच जणांचे म्हणणे खरे होते, पण काहींच्या बाबतीत कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती. कुणाच्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर विजेच्या लपंडावाने मरायला टेकला होता, कुणाच्या फायबरवर माडाची झाप पडली होती. दोष विंडोजचा, लॅपटॉपचा, राउटरचा की बाहेरून येणाऱ्या लाइनचा, हे ठरल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावण्यात अर्थ नसतो.

ते ठरवायला दोन चाचण्या पुरतात. पहिली मोबाइलची, पण ती करताना मोबाइलचा डेटा बंद करावा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, तरी ‘मोबाइल चालतो’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांचा मोबाइल वायफाय कमजोर झाल्याबरोबर गुपचूप सिमच्या डेटावर गेलेला असतो आणि राउटर निर्दोष ठरून सुटतो. डेटा बंद ठेवून माजघरात मोबाइलवर पाने उघडली तर लाइन आणि राउटर ठीक आहेत असे समजावे. दुसरी चाचणी उलट्या बाजूने करायची: मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला जोडावा आणि दोन्ही शेजारी ठेवून तासभर काम करावे. हॉटस्पॉटवर लॅपटॉप सुरळीत चालला, तर त्याचे वायफाय कार्ड जिवंत आहे आणि अडचण त्याच्या व राउटरच्या मधल्या व्यवहारात आहे. हॉटस्पॉटवरही जोडणी तुटत राहिली तर राउटरला विसरावे आणि लॅपटॉपकडेच पाहावे.

विंडोजची आवृत्ती बदलते तेव्हा वायफायपुरते काय घडते, हे समजून घेतले की पुढचे सोपे जाते. वायफाय कार्ड आणि विंडोज यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा जो छोटा प्रोग्राम असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या लॅपटॉपच्या उत्पादकाने २०१९ मध्ये त्या कार्डासाठी खास तपासून दिलेला ड्रायव्हर विंडोज १० वर होता. नवी आवृत्ती बसताना विंडोज अनेकदा तो बाजूला सारून स्वतःच्या साठ्यातला सर्वसाधारण ड्रायव्हर लावते, आणि जुन्या ड्रायव्हरमध्ये केलेली बारीकसारीक सेटिंग्ज मूळ स्थितीला जातात. सर्वसाधारण ड्रायव्हरने वायफाय चालते, पण झोपणे, उठणे आणि कोणत्या लहरीवर जोडायचे ते ठरवणे, या तीन गोष्टींत तो अडखळू शकतो. आपल्या तीन तक्रारी नेमक्या याच तीन जागी आहेत, आणि म्हणूनच आपल्या बाबतीत मी विंडोजच्या बदलावर संशय घेतो आहे.

सकाळची तक्रार आधी घेऊ. ‘बंद-चालू केल्याने येत नाही, रीस्टार्ट केल्याने येते’ हे वाक्य आपण लिहिले नसते तर मला चार प्रश्न उलटे विचारावे लागले असते. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असताना ‘शट डाउन’ केले की लॅपटॉप खऱ्या अर्थाने पूर्ण बंद होत नाही. उघडलेले प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तीच स्थिती उचलून पुढे चालवली जाते. रात्री ड्रायव्हर गोंधळलेला असेल तर सकाळीही तो गोंधळलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये मात्र ही पळवाट नसते, सर्व काही नव्याने सुरू होते. म्हणजे आपल्या लॅपटॉपला बंद करणे हे कमी आणि रीस्टार्ट करणे हे जास्त खोल आहे, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे.

यावरचा उपाय असा: कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडावे, डाव्या बाजूच्या ‘पॉवर बटणांनी काय करायचे’ या अर्थाच्या दुव्यावर जावे, वरच्या बाजूला ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ या अर्थाची ओळ दिसेल ती दाबावी, आणि मग खाली फास्ट स्टार्टअपसमोरची खूण काढून बदल जतन करावा. लॅपटॉप सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील. त्यानंतर एकदा चार्जर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून, पॉवरचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे आणि मग चार्जर लावून सुरू करावा. आतल्या सर्किटात उरलेला वीजभार त्यामुळे निघून जातो आणि अडकून बसलेले कार्ड बरेचदा जागे होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, वायफायच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ (उपकरण सुरू होऊ शकत नाही) दिसत असेल तर मी प्रथम हाच उपाय करतो, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसते.

आता माजघर. हा भाग मी जरा सविस्तर लिहितो, कारण दूरच्या शहरातला तंत्रज्ञ फोनवरून आपल्याला हे सांगू शकणार नाही. आजकालचे बहुतेक राउटर दोन लहरींवर चालतात, २.४ गीगाहर्ट्झ आणि ५ गीगाहर्ट्झ, आणि घरी बसवून देणारी मंडळी सोयीसाठी दोन्हींना एकच नाव देऊन जातात. ५ गीगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, पण पल्ला कमी पडतो. मोकळ्या जागेतसुद्धा त्याच अंतरावर २.४ च्या तुलनेत साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच ताकद पोहोचते, आणि मध्ये भिंत आली की आणखी घटते. आपल्याकडची भिंत म्हणजे काही शहरातल्या फ्लॅटमधली चार-सहा इंचांची विटेची भिंत नव्हे. फूटभर जाडीचा जांभ्याचा चिरा, त्यावर आतबाहेर गिलावा, आणि चिरा मुळात सच्छिद्र असल्यामुळे मृग लागल्यापासून तो पाणी पिऊन बसलेला असतो. पाणी या लहरी शोषून घेते. मे महिन्यात ओटीवरून माजघरात पोहोचणारे ५ गीगाहर्ट्झ जुलैमध्ये उंबऱ्याशीच थांबते, हे मी स्वतःच्या घरी दर वर्षी पाहतो.

आपला मोबाइल ताकद घटल्याबरोबर मुकाट्याने २.४ वर उतरतो, म्हणून तो घरभर चालतो. लॅपटॉपचा जुना ड्रायव्हर बहुधा तसेच करत होता, किंवा कुणीतरी त्यात तसे सेटिंग करून ठेवले होते. नवा ड्रायव्हर ओटीवर पकडलेले ५ गीगाहर्ट्झ माजघरात आल्यावरही सोडत नाही. एक पट्टी कशीबशी दिसत राहते, जोडलेले आहे असे चिन्ह सांगते, पण पाने पोहोचण्याइतका जीव त्यात नसतो. खात्री करून घ्यायची असेल तर माजघरात बसून सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय, आणि मग जोडलेल्या नेटवर्कचे प्रॉपर्टीज उघडावे. खाली ‘नेटवर्क बँड’ या ओळीत २.४ आहे की ५ ते स्पष्ट लिहिलेले असते.

तिथे ५ दिसले तर दोन मार्ग आहेत. पहिला लॅपटॉपच्या बाजूने: स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी देऊन डिव्हाइस मॅनेजर उघडावे, नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्सच्या खाली वायफाय कार्डाच्या नावावर दोनदा टिचकी द्यावी, अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर ‘प्रिफर्ड बँड’ शोधावे आणि २.४ ला पसंती द्यावी. प्रत्येक कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ही ओळ असतेच असे नाही. सर्वसाधारण ड्रायव्हरमध्ये ती गायब असणे हा स्वतःच एक पुरावा समजावा. दुसरा मार्ग राउटरच्या बाजूने, आणि मला तोच जास्त आवडतो: राउटरच्या पानावर जाऊन दोन्ही लहरींना वेगळी नावे द्यावीत, म्हणजे लॅपटॉपला आपण सांगू त्याच लहरीवर जोडता येते. राउटरचे पान ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडते आणि नेमका पत्ता व प्रवेशाचे नाव राउटरच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. तिथे गेलाच आहात तर २.४ गीगाहर्ट्झचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठेवावे. भारतात १३ पर्यंत चॅनेल वापरता येतात, परंतु अमेरिकेसाठी बेतलेली काही कार्डे १२ आणि १३ वरचे नेटवर्क पाहतच नाहीत, आणि नव्या ड्रायव्हरने देशाचे सेटिंग बदलले तर काल दिसणारे नेटवर्क आज यादीतूनच नाहीसे होते.

वायफायच्या सुरक्षेचा प्रकारही त्याच पानावर असतो. तो डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांचे मिश्रण असा असावा. फक्त डब्ल्यूपीए३ ठेवल्यास २०१९ च्या सुमाराची काही कार्डे जोडताना अडतात. उलट डब्ल्यूईपीसारखा फार जुना प्रकार ठेवला असेल तर नवे विंडोज ते नेटवर्क असुरक्षित ठरवते, आणि त्याचे ते म्हणणे बरोबरच असते.

तिसरी तक्रार, अर्ध्या तासाने तुटण्याची, बहुधा वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच कार्डाच्या खिडकीत पॉवर मॅनेजमेंट नावाचे पान असते आणि त्यावर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ या अर्थाची खूण असते, ती काढावी. हे पान दिसलेच नाही तर घाबरू नये, अनेक नव्या लॅपटॉपमध्ये झोपण्याची पद्धतच वेगळी असल्याने ते नसते. मग पडदा बंद झाल्यावर लॅपटॉप किती मिनिटांनी झोपी जातो, ते सेटिंग्जमधल्या पॉवरच्या भागात पाहावे, कारण काही वेळा वायफाय तुटत नसून लॅपटॉपच झोपलेला असतो.

हे सगळे तर्क झाले. पुरावा हवा असेल तर विंडोज स्वतःच तो लिहून ठेवते, आणि दुकानदारांना ही सोय फारशी माहीत नसते याचे मला नवल वाटते. तारकर्लीच्या एका होमस्टे चालवणाऱ्या गृहस्थांना मी ही आज्ञा फोनवरून एकेक अक्षर सांगून टाइप करायला लावली होती, ती तशीच इथे देतो. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी देऊन ‘टर्मिनल (अ‍ॅडमिन)’ उघडावे. इंग्रजीत एन-ई-टी-एस-एच ही पाच अक्षरे जोडून लिहावीत, जागा सोडावी, डब्ल्यू-एल-ए-एन लिहावे, जागा सोडावी, ‘शो’ हा शब्द लिहावा, पुन्हा जागा सोडून डब्ल्यू-एल-ए-एन आणि ‘रिपोर्ट’ हे दोन्ही मध्ये जागा न सोडता लिहावे आणि एंटर दाबावे. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडले गेले, कधी तुटले आणि कशामुळे तुटले याचा आलेखासह अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही तिथेच दिसते. तो ब्राउझरमध्ये उघडावा. त्या गृहस्थांच्या अहवालात लाल खुणांची रांग होती आणि जवळपास प्रत्येक खुणेपुढे ‘ड्रायव्हरने नेटवर्क तोडले’ अशा अर्थाचे वाक्य होते. पंधरा दिवस ते ज्या राउटरला दोष देत होते त्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. आपल्या अहवालात तेच वाक्य वारंवार आले, तर वरची सेटिंग्ज हा तात्पुरता टेकू समजावा आणि ड्रायव्हर बदलण्याकडे वळावे.

ड्रायव्हर बदलण्याआधी कार्ड कुणाचे आहे ते पाहावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव दिसते, पण ड्रायव्हर अजिबात नसेल तर तिथे नुसते ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे मोघम नाव येते. अशा वेळी डिटेल्स या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडावे. व्हीईएन या अक्षरांनंतरची चार अक्षरे म्हणजे उत्पादकाची खूण: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. इंटेलचे कार्ड असेल तर इंटेलच्या संकेतस्थळावरूनही ड्रायव्हर घेता येतो. इतरांच्या बाबतीत लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावर तळाच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक देऊन तिथलाच घ्यावा. विंडोज ११ साठीचा नसेल तर विंडोज १० चा ६४ बिटचा ड्रायव्हर बहुधा चालतो, तो वापरून पाहायला हरकत नाही. ‘सर्व ड्रायव्हर एका टिचकीत अद्ययावत करा’ असे सांगणाऱ्या प्रोग्रामांपासून मात्र चार हात दूर राहावे; माझ्याकडे येणाऱ्या कित्येक बिघाडांचे मूळ तेच असतात.

पण नवा ड्रायव्हर उतरवून (डाउनलोड करून) घेण्याआधी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. त्याच कार्डाच्या ड्रायव्हर या पानावर ‘रोल बॅक’चे बटण असते. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर अजून लॅपटॉपमध्येच आहे, तो परत आणावा. बटण फिकट झालेले असेल तरी आशा सोडू नये. ‘अपडेट ड्रायव्हर’ दाबून, ‘माझ्या संगणकावर शोधा’ आणि मग ‘उपलब्ध ड्रायव्हरांच्या यादीतून निवडू द्या’ या अर्थाचे पर्याय घेतले की विंडोजच्या पोटात असलेल्या आवृत्त्यांची यादी येते. तिथे एकाच कार्डाच्या दोन किंवा तीन ओळी दिसल्या तर सध्याची सोडून दुसरी निवडावी. डाउनलोड नाही, पेनड्राइव्ह नाही, दोन मिनिटांचे काम, आणि माझ्या अनुभवात ड्रायव्हरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात. नवा ड्रायव्हर बसवायचाच असेल तर तो आधी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा आणि मगच जुना काढावा. वायफाय काढून टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर कशावरून उतरवायचा, हा प्रश्न पडलेले लोक दर महिन्याला भेटतात.

आपण लिहिलेले नाही, पण पुढेमागे होऊ शकेल असे एक प्रकरण आहे: ओटीवरही, पूर्ण पट्ट्या असतानाही, ‘जोडलेले, पण इंटरनेट नाही’ असे दिसणे. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटी मजकूर फाइल मागवून पाहते आणि ती मिळाली नाही की हा शेरा मारते. त्यामुळे शेरा असूनही पाने उघडतात असेही क्वचित घडते. पाने खरोखर उघडत नसतील तर जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजच्या पानावर आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवरचा लॅपटॉपचा आकडी पत्ता) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि लॅपटॉपने स्वतःच एक कल्पित पत्ता घेतला आहे. नेटवर्क ‘फरगेट’ करून पासवर्डसह पुन्हा जोडावे, राउटर एकदा बंद-चालू करावा. पत्ता ठीक असेल तर कुणी पूर्वी हाताने भरलेला आयपी पत्ता किंवा डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) तिथे उरला आहे का ते पाहावे, आणि दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस किंवा जुना व्हीपीएन प्रोग्राम असेल तर तो काढून पाहावा. असे प्रोग्राम नेटवर्कच्या वाटेत आपली चाळणी बसवतात, आणि विंडोज बदलताना प्रोग्राम मोडला तरी चाळणी तशीच राहते. तारीख-वेळही पाहावी, घड्याळ चुकले की सुरक्षित संकेतस्थळे उघडायला नकार देतात आणि दोष वायफायच्या माथी येतो.

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ नावाचे एक बटण आहे, आणि इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले त्यापासूनच सुरुवात करतात. मी ते शेवटी ठेवतो. ते सर्व नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढून पुन्हा बसवते, साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी पुसते, नेटवर्कवरच्या प्रिंटरसाठी दिलेले ठरावीक पत्ते घालवते, आणि ड्रायव्हर मात्र तोच ठेवते. आपला बिघाड ड्रायव्हरचा असेल तर त्याने काहीही साधणार नाही. तसेच विंडोज १० वर परत जाण्याची सोय फक्त पहिले दहा दिवस असते, आपला महिना उलटला असल्याने ती वाट बंद झाली आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार संपलेला असल्याने, जीएसटीचे व्यवहार करणाऱ्या लॅपटॉपवर ते परत आणा असे मी तसेही सांगितले नसते.

एक शक्यता किनारपट्टीवरच्या प्रत्येक लॅपटॉपच्या बाबतीत मनात ठेवावी लागते. मागच्या पावसाळ्यात मालवणहून एक लॅपटॉप आला होता, तक्रार अगदी आपल्यासारखी: विंडोज बदलले आणि वायफाय दोन पावलांपलीकडे चालेना. ड्रायव्हर तीनदा बदलून फरक पडला नाही तेव्हा मी तळाचे झाकण उघडले. वायफाय कार्ड म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब अशी चिमुकली पट्टी. तिच्या कडेला दोन बारीक तारा, एक काळी आणि एक पांढरी, मसुराच्या डाळीएवढ्या गोल पितळी टोप्यांनी टचकन बसवलेल्या असतात, आणि त्या पडद्याच्या कडेला असलेल्या अँटेनापर्यंत जातात. काळ्या तारेच्या टोपीवर हिरवट बुरा धरला होता आणि बोट लावताच ती सुटून आली. खाऱ्या दमट हवेने वर्षभर केलेले काम विंडोजच्या नावावर खपले होते. स्वच्छ करून टोपी पुन्हा बसवली आणि लॅपटॉप खळ्यातूनही चालू लागला. राउटरच्या अगदी शेजारी पूर्ण पट्ट्या आणि सहा पावलांवर एकदम एक पट्टी, असे असेल तर हा संशय घ्यावा. आपल्या लॅपटॉपला हॉटस्पॉटच्या चाचणीत शेजारी असतानाही पट्ट्या कमी दिसल्या तर सेटिंग्जमध्ये वेळ न घालवता तो उघडून घ्यावा. हे काम घरी करू नये. त्या टोप्या तिरप्या दाबल्या की कार्डावरची खोबण मोडते.

आपण बहिणीच्या मुलाच्या मॅकबुकचाही उल्लेख केला आहे. त्याने मॅकओएस सेक्वोया किंवा त्यानंतरची आवृत्ती घेतली असेल तर वायफायच्या तपशिलात ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ पाहावे. २०२४ च्या त्या आवृत्तीपासून मॅक स्वतःचा हार्डवेअर पत्ता बदलता ठेवू शकतो, आणि त्याच्या कार्यालयातला राउटर ठरावीक पत्त्यांनाच आत घेत असेल तर पत्ता बदलल्यावर तो अनोळखी ठरतो. त्या नेटवर्कपुरते ते ‘फिक्स्ड’ ठेवून तोच पत्ता राउटरवर नोंदवावा, किंवा ते बंद करावे.

आपला क्रम असा ठेवावा: आज दोन चाचण्या, उद्या फास्ट स्टार्टअप, परवा राउटरवर वेगळी नावे, मग पॉवरची खूण, आणि तीन दिवस वापरून झाल्यावर अहवाल. ड्रायव्हरला हात अहवालानंतर. तरीही तोडगा निघाला नाही तर व्हीईएन नंतरची ती चार अक्षरे आणि अहवालात तुटण्याचे जे कारण इंग्रजीत लिहिलेले असेल ते शब्दशः लिहून कळवावे, पुढचे मी त्यावरून सांगेन.

मधल्या काळात २० तारखेचे विवरण अडू नये यासाठी एक सोय आपल्या हातातच आहे. अँड्रॉइड मोबाइल घरच्या वायफायला जोडलेला ठेवून तो चार्जिंगच्या, पण डेटा वाहणाऱ्या, केबलने लॅपटॉपला लावावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. मोबाइल स्वतः वायफाय पकडतो आणि केबलमधून लॅपटॉपला देतो. सिमचा डेटा बंद असला तरी चालते. माजघरात तर मोबाइल चालतोच आहे. केबल लावूनही लॅपटॉपला काहीच दिसले नाही तर ती फक्त चार्जिंगची केबल आहे, मोबाइलबरोबर खोक्यात आलेली शोधून लावावी.